अकरा दुरुस्त्यांसह स्वीकृती

१० जानेवारी १९७४, गुरुवार (कारखान्यांची सुट्टी)
आजपासून रोजनिशी. धंद्यात उतरलेल्या माणसाकडे लेखी पुरावा हवा.
आप्पा बळवंत चौकातून वाणिज्य कायद्याचं जुनं गाइड आणलं. दुकानदाराने घासाघीस न करता दिलं, म्हणून तिथेच पानं मोजली. पूर्ण आहेत.
सद्यस्थिती: थेरगावात घरामागे शेड, शेडमध्ये एक लेथ, लेथवर किसन टर्नर. मी मालक. 'तुला पार्टनर करतो' असं मी म्हणालो आणि किसनने कंपनीतली परमनंट नोकरी सोडली. एवढ्याशा शब्दावर कोणी परमनंट नोकरी सोडतं? काहीतरी मनात असणार.
संकल्प: रोज एक प्रकरण. न वाचता सही कुठेही नाही.

१२ जानेवारी
प्रकरण पहिलं. करार करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. किसनकडे जन्माचा दाखला मागितला. म्हणाला, दाखला न्हाई, आई म्हणती सुगीत झाला. सुगी कोणत्या सालची, ते आईलाही ठाऊक नाही. त्याला दोन मुलं आहेत, हा पुरावा तात्पुरता ग्राह्य धरला.
शुद्धीवर आहे. तंबाखू खातो.

१५ जानेवारी
प्रस्ताव आला. कंपनीचे परचेस ऑफिसर देवस्थळी यांनी बोलावलं होतं. किसनने केलेला बुशचा, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या कड्याचा, नमुना पास. पाच हजार नग हवेत. त्यांनी नमुन्याला तार बांधली, शिशाचं सील मारलं आणि तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला. ऑर्डरच्या दोन प्रती दिल्या. एक आपली, दुसरी सही करून परत. म्हणाले, इथेच करा की. मी म्हणालो, वाचून देतो. म्हणाले, वाचा, पण लवकर, लाइन थांबते.
घाई का? टीप: हसत होते.
बाहेर सायकल स्टँडवर किसन पेढे घेऊन उभा होता. पुडा परत बांधायला लावला.

१७ जानेवारी, गुरुवार
दुसरं प्रकरण 'स्वीकृती'. नाव सोपं आहे, हो म्हणण्यात शिकायचं काय? सोडून तिसरं घेतलं: मुक्त संमती. फार उपयोगी. बळजबरी, अनुचित प्रभाव, कपट, खोटी माहिती, चूक. यांतलं एक जरी असलं तरी संमती मुक्त नाही.
आठवलं. देवस्थळींनी चहाबरोबर बिस्किटं दिली होती.
आज सण नसताना बायकोने पुरणपोळ्या केल्या. वाढता वाढता शालन म्हणाली, अवं, करून टाका सही, किसनभाऊ रिकामं बसल्यात. म्हणजे अनुचित प्रभाव, तोही घरात. तीन खाल्ल्या. संमती दिली नाही.

१९ जानेवारी
ऑर्डर अकरा वेळा वाचली. दर वाचनाला एक खोच सापडली. सर्वात भयंकर: 'माल मंजूर नमुन्याबरहुकूम असावा.' नमुना कुठे? त्यांच्या ड्रॉवरमध्ये. उद्या बदलला तर? दुरुस्ती क्रमांक एक: नमुना दोन कुलपांत ठेवावा, एक किल्ली माझ्याकडे.
क्रमांक सात: तपासणी माझ्यासमोर व्हावी. क्रमांक नऊ: देवस्थळींची बदली झाल्यास नव्या साहेबांनी मला येऊन भेटावं.
किसनला वाचून दाखवलं. म्हणाला, बबनराव, बुश हायती ओ, सोनं न्हाई. त्याला कायद्याचा गंध नाही. किंवा आहे आणि लपवतो.

२१ जानेवारी
लाल शाईने अकरा दुरुस्त्या केल्या, खाली सही केली. किसन म्हणाला, द्या, सायकलवर पंधरा मिनिटांत देऊन येतो. हातोहात द्यायची एवढी हौस का? रजिस्टर्ड ए.डी. केलं. पोस्टातला कारकून म्हणाला, ही कंपनी समोरच्या रस्त्याला आहे. मी म्हणालो, ठाऊक आहे.

२५ जानेवारी
उत्तर नाही. हादरले असणार.
दरम्यान किसनसाठी भागीदारीचा मसुदा तयार केला. चौदा पानं. त्याने उभ्या उभ्या सगळा वाचला. विचारलं, यात मी पार्टनर कुठं हाय? पान नऊवर, सहा महिन्यांची वर्तणूक समाधानकारक वाटल्यास. त्याने कागद नीट घडी घालून परत दिला. सही केली नाही. यावरूनच कळतं.

२८ जानेवारी
किसन आला नाही. लेथवर फडकं टाकून गेला आहे. दुपारी त्याची सायकल कंपनीच्या गेटवर दिसली. माझा संशय खरा ठरत असल्याचं समाधान आहे. जेवण गेलं नाही.

३१ जानेवारी, गुरुवार
काल संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. 'आपले सशर्त उत्तर हा नवा प्रस्ताव ठरतो. तो आम्हांस मान्य नाही. नमुना सोबत परत.' नमुन्यावरचं सील शाबूत. कोणी बदलला नव्हता.
सोडलेलं प्रकरण आज उघडलं. स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त हवी. अट घातली की मूळ प्रस्ताव संपतो. अर्धं पान, शाळकरी भाषेत. आधीच्या मालकाने समासात पेन्सिलने लिहिलंय, 'हमखास येतो'.
शालनला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ते जास्त लागलं.

२ फेब्रुवारी
देवस्थळींना भेटलो. म्हणालो, अकराही दुरुस्त्या मागे घेतो. ते म्हणाले, उशीर झाला, ऑर्डर गेली. कोणाला? किसनला. तो जुनी नोकरी परत मिळते का बघायला आला होता. जागा भरली होती. कँटीनपाशी देवस्थळींनी विचारलं, बुश तू करशील का? किसन म्हणाला, व्हय. झालं.
मी म्हणालो, लेखी काहीच नाही, हा करार कसा? त्यांनी शांतपणे सांगितलं, तोंडी करारही करारच असतो, कागद मागाहून. घरी येऊन गाइडमध्ये पाहिलं. पान सहा. मी ते वाचलेलं आहे. खाली रेघही माझीच.

४ फेब्रुवारी
किसन आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. म्हणाला, ऑर्डर हाय, मशीन न्हाई. तुमचं लेथ आन् शेड द्या, निम्मं निम्मं करू. देवस्थळी सायबांना तवाच सांगून ठिवलंय, बबनराव बी असतील. तुमी शब्द दिला व्हता म्हणून मी नोकरी सोडली. त्यो शब्द माझ्याकडून आजून हाय.
मी कपट शोधलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. काही नव्हतं. परमनंट नोकरी गमावलेला माणूस माझ्याकडे मागायला आला नव्हता, द्यायला आला होता. मला लाज वाटली. इतकी की 'वाचून सांगतो' हे शब्द ओठांपर्यंत येऊन थांबले. शालन सूप हातात धरून तशीच उभी होती.
हो म्हणालो.

५ फेब्रुवारी
किसनने कागद आणला. पाच ओळी, त्याच्याच अक्षरात. चौथ्या ओळीत एक अट: कंपनीच्या कागदांना बबनरावांनी हात लावू नये, ते शालनवहिनी बघतील. शालनने आधीच सही केली होती.
अपमानास्पद अट आहे. तिच्यावर निदान तीन हरकती निघतात, मी मनात काढल्याही. सही केली. किसनने कागद शालनकडे दिला, माझ्या हातात कानस दिली आणि म्हणाला, जेवायच्या आधी दोनशे बुशच्या कडा घासून व्हायला पायजेत. एकशे चाळीस झाल्या.