तांदळात लिहिलेलं नाव

१२ जानेवारी २००२
सापडलं! मास्तरांचं पुस्तक! नात सृष्टीला कॉलेजजवळच्या रद्दीवाल्याकडे मिळालं. "आजी, आजोबा लेखक होते? बोलला नाहीत कधी!" मी तरी काय बोलणार? मला लग्नापासून एवढंच माहीत — पुस्तक होतं, खपलं नाही, विषय नको. नाव 'दगाबाज चांदणे'. आमचे हे जन्मभर गणित शिकवत होते. चांदण्याने यांना दगा कधी दिला, देव जाणे.

१३ जानेवारी
नायिकेचं नाव छाया! म्हणजे मीच की! मग एवढं लपवायचं कशाला, म्हणते मी?

ही छाया सतार वाजवते. मान कमळाच्या देठासारखी. नामपूरला वडिलांच्या मळ्यात कांद्याच्या पाट्या वाहून माझी मान कशी झाली होती, ते मला ठाऊक. पण लेखक म्हटला की थोडं फुगवणारच. आज यांच्या वरणावर तूप जरा सढळ घातलं. बघतच राहिले.

१५ जानेवारी
छाया नायकाला सोडून डॉक्टरशी लग्न करते. मी कधी गेले सोडून? इथेच तर आहे, भाकऱ्या थापत! नायक रामकुंडावर बसून "हे निर्दये, हे निर्दये" करत रडतो. पानंच्या पानं! तिथल्या एकाही गुरुजींनी विचारलं नाही — "दहावा कोणाचा?"

मग पुस्तकाचं अगदी पहिलं पान उलटून पाहिलं. छापलंय १९६० साली. आमचं लग्न १९६२ चं.

१६ जानेवारी
नवरी घरात आली की नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहितो. यांनी लिहिलं — छाया. काय मिरवले मी! जाऊबाई जळून म्हणाल्या होत्या, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!" मी मनात म्हटलं, जळा. मास्तरांनी रात्र रात्र जागून माझ्यासाठी शोधलं असेल. कसलं शोधतात! आयतंच होतं.

राग आलाय. रडूही आलं. सासूबाई, नणंदा, शेजारीपाजारी, रेशनकार्ड — सगळ्यांनी आजवर दुसऱ्याच बाईला हाक मारली आणि ओ मी दिली.

१७ जानेवारी
पुस्तक यांच्या पुढ्यात आपटलं.

"अगं छाया, कादंबरी ती. कल्पित असतं सगळं."

"मग ताटात हेच नाव का लिहिलंत?"

चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "आवडायचं," म्हणाले. नाव की नाववाली, ते मी विचारलं नाही. एवढंच सांगितलं — आजपासून माहेरच्या नावाने हाक मारा, नाहीतर ओ देणार नाही.

"बरं," म्हणाले. मग हळूच — "काय होतं गं? फुलाचं होतं ना काहीतरी?"

फुलाचं!!

१९ जानेवारी
"छाया, चहा." मी गप्प. "छाया, किल्ल्या कुठायत?" गप्प. सृष्टीला दम दिलाय — नाव सांगायचं नाही. दुपारी म्हातारबुवांनी मोठ्याने "शेवंता?" करून पाहिलं. समोरच्या शेवंताबाई गॅलरीत आल्या! वर सारवासारवही यांनाच करावी लागली. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट.

पण रात्री जेवण गेलं नाही. एवढा संसार केला, नि या माणसाला माझं नाव माहीत नाही.

२१ जानेवारी
यांनी नामपूरला फोन लावला. केरूदादाला! माझ्या सख्ख्या भावाला, माझं नाव विचारायला! दादा फोनवरही शिवारभर ऐकू जाईल असा बोलतो, त्यामुळे मेथी निवडता निवडता सगळं ऐकलं. "दाजी, डोकं ठिकाणावर शे ना? बायकोचं नाव इचारता?"

फोन ठेवला तेव्हा यांचे कान लाल. माझ्याकडे न बघता फिरायला गेले. आता कळलंय तर हाक मारतील. कुणाला सांगायचं नाही, पण नव्या नवरीसारखी दाराकडे कान लावून बसलेय.

२२ जानेवारी
सकाळी मी ओट्यापाशी होते. मागून हे कोणाला तरी "गोजरा, गोजरा" अशा हाका मारत होते. बराच वेळ. मला वाटलं, दारात भाजीवाली आलीय. पिशवी घेऊन बाहेर गेले.