झेडमधले नऊशे बारा

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३
गिरणी कामगारांच्या समितीने मला कॉम्प्युटर इन-चार्ज केलं. टेबलावर पाटीसुद्धा! सेक्रेटरी राजारामभाऊ म्हणाले, लवू, तुझ्याशिवाय आहेच कोण? खरंच आहे. ब्याऐंशीच्या संपाआधी गिरणीत टाइमकीपर होतो, अठराशे माणसांची हजेरी तोंडपाठ. इथे नऊशे बाराच.
काम सोपं. घरासाठी अर्ज केलेल्या जुन्या कामगारांची यादी करायची. प्रत्येकाचं गिरणीचं तिकीट, म्हणजे हजेरीचं ओळखपत्र, स्कॅन करायचं आणि ते कॉम्प्युटरात कुठे ठेवलंय ते नावापुढे लिहायचं. १४ तारखेला सरकारी साहेब येऊन तपासणार. कागद उघडला तर टिक, नाही तर नाव बाद.
नऊशे बारावं नाव माझं.

मंगळवार, ४
सगळी तिकिटं आतल्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. माझ्या कॉम्प्युटरवर त्या जागेला 'झेड' म्हणतात. लिहायला एकदम सुटसुटीत. Z:\0001, Z:\0002. आज चाळीस झाली. संकल्प: रोज दीडशे.

गुरुवार, ६
शैला (ऑपरेटर, आमच्या खात्यातल्या बुधाजीची मुलगी) म्हणते, काका, झेड फक्त तुमच्याकडे. माझ्याकडे त्याच जागेला एच आहे. पूर्ण पत्ता लिहा: \\GIRNI\KAMGAR\0001. त्यात मोठ्या कॉम्प्युटरचं नाव येतं, म्हणून तो कुठूनही उघडतो.
तिला समजावलं. गेली तीस वर्षं गावाहून पत्र येतं, त्यावर फक्त 'लवूदादा, लालबाग'. कधी चुकलंय? ती म्हणाली, काका, आपला पोस्टमन ओळखीचा आहे. कॉम्प्युटरात पोस्टमन नसतो.
पोरगी हुशार आहे, पण अनुभव कमी.

शनिवार, ८
पाचशे दहा. मान धरली. पूर्ण पत्ता लिहीत बसलो असतो तर मान तुटलीच असती.

सोमवार, १०
नऊशे अकरा झाली! माझं स्वतःचं तिकीट मात्र सगळ्यांच्या ढिगात ठेवणार नाही. उद्या मशीन बिघडलं तर? वेगळ्या फ्लॉपीत घेतलं, नावापुढे A:\LAVU लिहिलं. इन-चार्जने स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. फ्लॉपी घरी आणली. बायकोला, कालिंदीला बजावलं, भयंकर महत्त्वाची वस्तू आहे, जागची हलता कामा नये. तिने बरं म्हटलं.

बुधवार, १२. दुपारी ३
भाऊंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर यादी उघडली. साहेब तिथेच बसणार आहेत. यादीतल्या पहिल्या, शेवंताबाईच्या नावावर क्लिक केलं, तर तिकिटाऐवजी भाऊ स्वतःच, सत्यनारायणाच्या पूजेत शिऱ्याचा डाव हातात घेऊन. पुढचं नाव दाबलं. पंगत. पुढचं. पंगतच, कोणीतरी तोंड पुसतंय.
भाऊंच्या कॉम्प्युटरवर झेड म्हणजे पूजेचे फोटो! त्यांचेही नंबर ०००१ पासूनच. यात माझी काय चूक? फोटो काढणाऱ्याने वेगळे नंबर द्यायला नकोत?
भाऊ ओरडले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, लवू, वीस वर्षं ही माणसं थांबलीत रे.

बुधवार, १२. दुपारी ४
शैलाने कसलीशी दोन बटणं दाबून सगळे झेड काढले, त्या जागी पूर्ण पत्ते घातले. दोन मिनिटं. मला आठवडा लागला होता. अर्थात आधी मी झेड लिहिले म्हणूनच तिला बदलता आले.
ती म्हणाली, काका, तुमचं एक ए-वालं राहिलंय, बघून घ्या. म्हटलं, माझं मी बघतो.

शुक्रवार, १४. संध्याकाळी ६
साहेब आले. नऊशे अकरा तिकिटं धडाधड उघडली. शेवंताबाईला टिक, बुधाजीला टिक. मी मागे हाताची घडी घालून उभा. शेवटी माझं नाव. साहेबांनी क्लिक केलं. भाऊंचा कॉम्प्युटर कर्र कर्र करून म्हणाला, ए मध्ये फ्लॉपी घाला.
फ्लॉपी घरी.
साहेबांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, मग हे बाद करू का? वीस वर्षं, आणि बाद कोण, तर इन-चार्ज! शैलाने साहेबांपुढे चहा ठेवला आणि कालिंदीला निरोप द्यायला आमच्या चाळीखालच्या वाण्याला फोन लावला.
पंधरा मिनिटांत कालिंदी आली, धापा टाकत. फ्लॉपी नव्हतीच तिच्याकडे. अस्सल तिकीट होतं, चौऱ्याहत्तर सालचं, एक कोपरा झुरळांनी खाल्लेलं. शैलाने स्कॅन केलं, पूर्ण पत्ता लिहिला. टिक!
साहेबांनी कौतुकाने विचारलं, इतकी वर्षं कुठे जपलंत? कालिंदीने एका दमात सांगितलं: दुसरा माळा, खोली सतरा, पोटमाळा, हिरवी पत्र्याची पेटी, लग्नातल्या शालूची दुसरी घडी. शैला माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे.
पाटी आता शैलाच्या टेबलावर आहे. मी स्वतःच दिली. तरुणांना संधी द्यायला हवी.

शुक्रवार, १४. रात्री ८
फ्लॉपी सापडली. लोणच्याच्या बरणीखाली. कालिंदी म्हणते, तुम्हीच म्हणालात जागची हलता कामा नये, म्हणून वर बरणी ठेवली.
हललेली नाही.