सात नंबरची खाट

३ तारीख, सोमवार

आजपासून नवी नोकरी. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे काहीतरी कळकट असणार असं धरून आले होते, तर इथली पायपुसणीसुद्धा धुतलेली. मला खिडकीची खोली मिळाली. चोवीस वर्षं नर्सगिरी केली, हे सुख पहिल्यांदाच.

खरा आनंद वेगळाच. माझ्या धाकट्या भावाला खालच्या मजल्यावर फुकट खाट मिळाली, सात नंबरची. तो रंगारी. परांचीवरून पडला, पाठीसाठी डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या बंद केल्यावर याने रस्त्यावरून पुडी आणली. आता पाच महिने शिवलेला नाही. कोर्टाने बजावलंय, इथे तीन महिने नीट काढ, नाहीतर तुरुंग.

मोठ्या बाईंनी, म्हणजे इथल्या प्रमुखांनी, कामाची पद्धत सांगितली. वरच्या मजल्यावरचे ते पाहुणे. त्यांचं बिघडलं तर पांढरा कागद, आजाराची नोंद. खालच्यांचं बिघडलं तर पिवळा, गैरवर्तनाची नोंद. तीन पिवळे झाले की खाट गेली आणि कोर्टाला पत्र. घाम तोच, कागद दोन, मला हसूच आलं.

६ तारीख, गुरुवार

वर सात नंबरच्या खोलीत एका कारखानदाराचा मुलगा आलाय. घोड्यावरून पडला, पाठ धरली, आणि त्याच गोळ्या. काल दात वाजत होते, आज सकाळी पत्ते कुटत बसलाय. इतक्या लवकर सुटलेला माणूस मी जन्मात पाहिलेला नाही.

खाली आले तर धाकटा मुटकुळं करून पडलेला. नाक गळतंय, पाय झाडतोय. नशा तुटताना होतं तसंच. घेतलंस का, विचारलं. आईची शपथ, नाही म्हणाला. ही शपथ मी याआधी चारदा ऐकली आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली, पण बाई म्हणाल्या, हे लोक त्यातही हातचलाखी करतात. भावाला पाठीशी घालते असं कुणी म्हणायला नको, म्हणून पिवळा कागद मी स्वतःच भरला.

१० तारीख, सोमवार

काल वरच्या सातला त्याच्या ड्रायव्हरने चोरून पुडी दिली. पांढरा कागद झाला, आजार उलटला. बिचारा, म्हणाल्या बाई, आणि त्याच्या उशाशी फुलं ठेवायला लावली. आज त्याला उठवत नसेल म्हणून मी धावत गेले, तर साहेब आरशापुढे दाढी करतायत, शीळ घालत.

खाली धाकटा उलट्यांनी पिवळाधमक. त्याची गादी उसवली, शिवणी तपासल्या, काही नाही. आता तोच म्हणतो, ताई, सगळे म्हणतात म्हणजे घेतलंच असेन, मला आठवत नसेल.

दुसरा पिवळा. अक्षर माझंच.

१२ तारीख, बुधवार

दिवसभर वर-खाली केलं. वर चार नंबर शांत झाला, खाली चार नंबर कण्हू लागला. वर नऊ, खाली नऊ. खाटा बरोबर एकाखाली एक आहेत.

जुने कागद काढले. प्रत्येक पांढऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी पिवळा. नंबर तोच. एकही चुकलेला नाही. काही पिवळ्यांवर तिसरा असा शिक्का, आणि पुढे त्या खाटेवर नवं नाव.

देवा, मी भावावर दोन लिहिलेत.

१३ तारीख, गुरुवार

बाईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, फुकट खाटा मग कशाला ठेवल्यात. म्हणाल्या, वरच्यांचं आयुष्य असतं पुढे, खालच्यांना सोसायची सवय असते. चहा पिता पिता म्हणाल्या.

त्याची खाट बदला म्हटलं. पाया पडले. रिकामी ठेवता येत नाही, एवढंच बोलल्या. वरच्या सातला आज परत पांढरा झालाय, म्हणजे उद्या धाकट्याचा तिसरा भरायचा आहे.

१४

तिसरा भरला नाही. सौदा केला. बाईंनी त्याच्या सुटकेच्या कागदावर सही दिली, सात नंबरवर मी झोपायचं. धाकट्याला सांगितलं, पाठ दुखतेय, दोन दिवस पडते. खरं सांगितलं असतं तर तो उठला नसता.

संध्याकाळपर्यंत पोळी मागून खाल्ली त्याने. चालला. हसला.

१६

वरच्या सातने परत घेतली. पावलं ऐकू येतात — नाचतोय.

हाडांत मुंग्या. दात थांबत नाहीत. मी आयुष्यात साधी तपकीर ओढलेली नाही —

बहुतेक १७

नवा माणूस कामावर. माझं खाटा बघायचं, कागद भरायचं काम बाईंनी धाकट्यालाच दिलं. स्वच्छ शर्ट. किती छान दिसतो —

खाटेपाशी बसला. कपाळ पुसलं. हळूच विचारलं, ताई, घेतलंस का. तूही.

आईची शपथ, म्हटलं. सगळं सांगितलं, वरचं, खालचं, नंबर. त्याला रडू आलं. म्हणाला, मीही असंच बरळायचो, कबूल केल्यावर बरा झालो.

बाई दारात आहेत. त्याला म्हणतात, सख्खी बहीण म्हणून सूट नको —

खिशातून पेन काढलं त्याने. मांडीवर कागद ठेवला. पिव