ओतीव की घडीव

रवि. ८ जाने. ९५
जावईबापूंच्या गाडीचं इंजिन आज शेडमध्ये उघडलं. एक पिस्टन खालून तडकलेला. तुकडा निसटला नाही, नशीब. या गोल पाठीच्या जर्मन गाडीला पाणी नाही, रेडिएटर नाही, सगळी भिस्त पंख्याच्या वाऱ्यावर. त्यात बापूंनी वेगळा कॅमशाफ्ट बसवून घेतलाय. इंजिनाचे फेरे कमी असले की मरगळलेली, वाढले की पिसाळते.
आमची सुशी याच गाडीतून बापूंबरोबर भेस्तानच्या घरून कडोदऱ्याला त्यांच्या लूमच्या कारखान्यात जाते. हायवेवर, ट्रकांच्या मध्ये इंजिन जाम झालं तर... सुशीच्या आईला काही सांगितलं नाही.

मंगळ. १०
मुंबईच्या दुकानदाराने पिस्टनचे दोन सेट पाठवले. एक ओतीव, इथलाच. दुसरा घडीव, बाहेरचा. दोन्ही सपाट डोक्याचे. उंच डोक्याचे मीच नको म्हटलं, दाब वाढून आपल्या पेट्रोलवर इंजिन ठोकेल. घडीव हातात घेतला की कळतं, मार खाऊन घट्ट झालेला माल. जास्त फेऱ्यांना तोच. पण तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरशी फट जास्त सोडायची, आणि मग थंड इंजिनात खडखड. ओतीव शांत. पण रोज पिळला तर पुन्हा तडकणार.
बापूंचा फोन. "मामा, मजबूत असेल तेच बसवा."
मजबूत दिलं की पाय आणखी जड होणार. हळू चालवा म्हणावं, तर जावयाला कसं म्हणायचं? ही म्हणते, "जवाईले काई बोलू नका हां."

गुरु. १२
ओतीव ठरवला. मोडायची भीती असली की माणूस जपून...
जेवताना पटेना. भीती घालायची बापूंना, आणि शेजारी बसणार माझी पोर.

रवि. १५, वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस
सगळे गच्चीवर, पतंगात. बापू शेडमध्ये डोकावले तेव्हा बोललोच. गाडी म्हणजे लूम नाही, सदानकदा पळवायला. ते कसंनुसं हसले, चूक झाली मामा म्हणाले आणि उंधियूची ताटली घेऊन वर गेले.
मग सुशी खाली आली. तडकलेला पिस्टन उचलून उलटसुलट बघितला.
"यांना कशाला बोललात आण्णा? गाडी मी चालवते. हे शेजारी बसून देवाचं नाव घेतात."
कधीपासून, तर लायसन काढल्यापासून. आणि जावयाने माझी बोलणी मुकाट गिळली! लाजही वाटली, हसूही आलं. विचारलं, एवढी का पिळतेस बाई? म्हणाली, ट्रकच्या मागे धूर खात बसवत नाही. "आणि फेरे चढले ना, की काय गाते ती."
पिस्टन तिच्या हातून घेऊन फडक्याने पुसत बसलो.

मंगळ. १७
घडीवच. पोरगी हळू चालवेल या आशेवर कच्चा माल बसवायचा नाही. चारही पिस्टन सराफाच्या काट्यावर तोलून आणले. जड होता तो आतून जरासा घासला, चौघांचं वजन एक केलं. बापूंना दोन शब्द गोड बोललो. ते म्हणाले, "मामा, तिला तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही."

रवि. २२
इंजिन चालू झालं. सुशी स्टिअरिंगवर, बापू बाहेर माझ्याजवळ. तिला अट घातली, थंडपणीची खडखड जाईपर्यंत पाय दाबायचा नाही. रोज. पिस्टन फुगून फट भरली की आवाज आपोआप जातो.
माझे कान लूमने खाल्लेत, असले बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मागे जाऊन इंजिनवर तळवा ठेवला.
"थांबला, आण्णा," ती आतून म्हणाली.
तळव्याखाली ठकठक चालूच होती. बापू माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, अजून जरा. तिने मान हलवली, थांबली. पाय मात्र ॲक्सिलरेटरवरच.
उद्या सकाळी भेस्तानला ती गाडी काढेल तेव्हा तळवा ठेवायला मी नसेन.