अकरा मिनिटांची कात्री

अल्फारेटा,
१४ मार्च २०२५

प्रिय प्रताप,

नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या रेखाकडून कळलं. जिना चढू नकोस. तू ऐकणार नाहीस, तरी सांगते. इकडे सगळं ठीक.

आपल्या मराठी मंडळाच्या चित्रपट समितीचा माझा राजीनामा सोबत आहे. तीस वर्षांची मैत्री म्हणून कारणही लिहिते.

माझ्या केयाची रूममेट लिन, तिनं काढलेला सिनेमा आपण दाखवणार होतो. चीनमध्ये सेन्सॉरनं त्यातली अकरा मिनिटं कापायला सांगितली. ती म्हणाली, हवं तर फक्त प्रौढांसाठी म्हणून दाखवा. पण तिकडे वयाप्रमाणे प्रमाणपत्र द्यायची पद्धतच नाही. सिनेमा सगळ्यांना चालेल असा हवा, नाहीतर कुणालाच नको. तिथले सिनेमावाले त्यावर कित्येक वर्षं वाद घालताहेत. लिननं कात्री नाकारली आणि सिनेमा डब्यात गेला.

हे ऐकून जानेवारीच्या मीटिंगमध्ये तू केवढं भाषण ठोकलंस. हुकूमशाही काय, कलेची गळचेपी काय. मग घरी बसून सिनेमा पाहिलास आणि मला फोन केलास. "उत्तरा, फॅमिली ऑडियन्स आहे यार. तेवढा पार्ट स्किप करू."

तीच अकरा मिनिटं. दोघी जणी एकमेकींचे केस विंचरतात आणि एक दुसरीला जवळ घेते, एवढंच. गेल्या गणपतीत तू निवडलेल्या सिनेमात चौदा खून पडले, तेव्हा पोरं पुढच्या रांगेत चकल्या खात होती. तिकडच्या साहेबाला निदान या कामाचा पगार मिळतो. तू हौसेनं करतोस.

इथंच सही करणार होते. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तुझ्या फोनवर मी "बरं" म्हणाले होते. लिनला विचारायचं कामही मीच अंगावर घेतलं. फोन करून विचारलं. केयानं तिच्या हातातून फोन घेतला. "आई, चायनानं ॲटलीस्ट लेखी कळवलं होतं. तू सहा वर्षं न सांगता कट करतेयस. आता पूर्ण दाखवणार असशील तर दोघी येऊ. नाहीतर यापुढे नाही."

केयाचा पैठणीतला फोटो मी तुम्हाला पाठवला होता, आठवतो? तिच्या खांद्यावर कुणाची बोटं आहेत, असं रेखानं विचारलं होतं. मी म्हटलं, असेल कुणी मैत्रीण. तो लग्नाचा फोटो होता, प्रताप. उरलेला अर्धा मी फोनवर बोट सरकवून काढून टाकला. कात्रीसुद्धा लागली नाही. तुझी चीड आली, त्याहून जास्त किळस मला स्वतःची आली.

शनिवारी, बावीस तारखेला चार वाजता माझ्या घरी सिनेमा आहे, एक मिनिटही न कापता. आमंत्रणावर मी 'सोळा वर्षांवरील' असं लिहिलंय. तू अडुसष्टचा आहेस, तुला झेपायला हरकत नाही. खालच्याच मजल्यावर आहे, जिना चढावा लागणार नाही.

फोटो पुन्हा पाठवतेय. या वेळी पूर्ण.

तुझी,
उत्तरा,
केयाची आई आणि लिनची सासू