उंबऱ्यावरचा बांबू

आई, परवा तुझ्या वाडीत गेले होते. ओढ्यापलीकडची ती शेवटची वाडी, जिथे पोचायला तू टोकावड्याला एसटीतून उतरून दुपारपर्यंत चालायचीस. आता तिथवर डांबरी रस्ता झालाय. ओढ्यावर पूल आहे, गाडी थेट शाळेच्या अंगणात जाऊन उभी राहते आणि वळवायलाही जागा मिळते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना तू नेहमीसारखी मध्येच म्हणशील की वाट नसेल, पाणी आलं असेल, माणसं तरी काय करणार. तसं काही नव्हतं. ऊन होतं, भात कापून झालं होतं, खळ्यात झोडणी चालली होती आणि रस्ता कोरडा ठणठणीत होता. तरीही मी जे पाहिलं त्यातून, खरं सांगायचं तर, मी अजून बाहेर आलेली नाही.

तुला माझं शेवटचं ठाऊक आहे ते एवढंच, की मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि दर पत्रात घरी यायचं म्हणत होते. तू गेलीस आणि मी ते म्हणायचं बंद केलं. पुढे बरीच वर्षं शहापूरला सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली, लग्न झालं, वाशिंदला घर घेतलं. आता बढती मिळून आरोग्य सहाय्यिका झालेय, म्हणजे उपकेंद्रांतल्या नर्सच्या कामावर लक्ष ठेवणारी, आणि गेल्या उन्हाळ्यात बदली झाली ती नेमकी तुझ्या भागात. "आईच्या गादीवर बसलात," असं दवाखान्यातले चिडवतात. तुझी कसली आलीय गादी. तुझ्या वेळी उपकेंद्र म्हणजे तू, तुझी पिशवी आणि तो सुयांचा कुकर. आपल्या स्वयंपाकघरात दोन कुकर असायचे, एक भाताचा आणि एक काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायचा. मी एकदा दुसऱ्यात बटाटे लावले तेव्हा तू मला जे बोललीस ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं. आता सुई एकदा वापरली की टाकून देतात. आणि तू एकटी करायचीस त्या कामाला आता केवढी माणसं आहेत. उपकेंद्रात नर्स आहे, वाडीत त्याच वाडीची सून आशाताई म्हणून काम करते, आमच्याकडे लातूरकडून आलेला कोवळा डॉक्टर आहे, रक्त तपासणारा आहे, आटगावचा ड्रायव्हर आहे, फोन आला की लगेच गाडी काढणारा. सगळी कामाची माणसं आहेत, पण प्रत्येक जण आपापल्या जागी बसून बाई आपल्यापर्यंत येईल याची वाट बघतो. तू वाट बघायची नाहीस, तू जायचीस. हा फरक परवापर्यंत माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

सकाळी आशाताईचा फोन आला. पहिलटकरीण आहे, दिवस भरायला अवकाश आहे पण कळा सुरू झाल्यात, पाय आणि तोंड सुजलंय, डोकं फुटतंय म्हणते, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. यातलं तुला काही समजवायला नको. रक्तदाब चढला होता आणि कधीही झटके आले असते, मग आई आणि बाळ दोघांचंही कठीण. मी म्हटलं, गाडी पाठवते, तिला घेऊन निघ. ती म्हणाली, "ताई, गाडी येल, पन ती निघायची नाय. तुमी सोता या." तिचा आवाज असा होता की मी डॉक्टरला सांगून गाडीत जाऊन बसलेच. वाटेत मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते. नकार देणाऱ्या घरांची मला सवय आहे. सासू आडवी येते, नवरा पिऊन पडलेला असतो, कुणी भगताकडे नेतो म्हणतं, आणि कुणाला काय सुनवायचं ते मला तोंडपाठ आहे.

तिथे भांडायला कुणी नव्हतंच. नवरा पिशवी भरून अंगणात उभा होता, बाळाला गुंडाळायचं मऊ लुगडं घडी करून वर ठेवलेलं. सासूने मला पाणी दिलं. पोरगी आत भिंतीला टेकून बसली होती, सुजलेल्या डोळ्यांनी दाराकडे बघत. आणि उंबऱ्यावर, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जाड बांबू आडवा ठेवलेला. मी विचारलं, "थांबलात कशाला?" नवऱ्याची आजी ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "बाय येल ना. बायनं बांबू उचलला का न्यायची." मी म्हटलं, मी आलेय, मी नर्सच आहे. ती हसली, अगदी मायेने. "तू नाय गो. आमची बाय. ती सांगून गेलीया, मी येईपरेंत पोरीला दाराभायेर काढायची नाय." मी वाकून बांबूला हात घातला तर तिने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. ड्रायव्हर मागून हळूच म्हणाला, "ताई, उचलून ठेवू का गाडीत?" ते आतल्या पोरीने ऐकलं आणि ती किंचाळल्यासारखी बोलली, "मी नाय येनार. बाय येऊ दे." तिचा दाब आधीच चढलेला, ओढाताण करायची सोयच नव्हती. मी आशाताईला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही बाय कोण आहे. तिने खाली बघत उत्तर दिलं, "ताई, तुमची आई."

आई, मी ओट्याच्या कडेला बसले. तू गेलीस हे त्यांना माहीत आहे. तुझ्या दहाव्याला वाडीतली माणसं चालत आपल्या घरी आली होती. पण त्यांच्या हिशेबी बाई गेली म्हणून तिचं बोलणं जात नाही. उलट ती असती तर तिला विचारून बदलता आलं असतं, आता विचारायचं कुणाला. आशाताई म्हणाली, म्हणूनच ती दिवस भरायच्या आत एकेकीला काहीतरी निमित्त काढून मुरबाडला नातलगांकडे धाडते, म्हणजे कळा घरात सुरू व्हायलाच नकोत. राहिलेल्या घरीच सुईणीच्या हाती मोकळ्या होतात आणि बहुतेकींचं निभावतं. "एकीचं नाय निभावलं," ती म्हणाली. "तवाबी गाडी अशीच उभी व्हती." हे मला आधी का नाही सांगितलंस, असं मी जवळजवळ ओरडलेच. ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "काय सांगू ताई? तुमच्या आयशीच्या शब्दानं बाई मेली, असं तुमच्या तोंडावर बोलू?"

तो शब्द तू दिलास तो दिवस मला अर्धा आठवतो. मी शाळेत जात होते, पावसाळा होता. तू संध्याकाळी आलीस, साडी कमरेपर्यंत चिखलाने भरलेली, आणि मोरीत उभी राहून पायांवर पाणी ओतत राहिलीस. बादली रिकामी झाली तरी तांब्या बुडवत राहिलीस. बाबा दारात येऊन विचारतात, काय झालं. तू म्हणतेस, "चुकामूक झाली," आणि स्टोव्ह पेटवायला घेतेस. कुणाची चुकामूक ते आम्हाला कधी कळलं नाही. ते आता मला परक्या ओट्यावर बसून आशाताईकडून कळलं. ओढ्याला पाणी होतं म्हणून तू डोंगराच्या अंगाने वाडीकडे निघालीस, आणि वाडीतल्यांनी बांबूला घोंगडी बांधून अडलेल्या बाईला झोळीत घातलं आणि ओढ्याच्या वाटेने तुझ्याकडे आणायला निघाले. तू रिकाम्या घरात पोचलीस आणि ती ओढ्याच्या काठावरच दगावली. दुसऱ्या दिवशी तू परत वर गेलीस, तोच झोळीचा बांबू त्या घराच्या उंबऱ्यावर आडवा टाकलास आणि सगळ्यांना बजावलंस, की कळा लागल्या की बांबू असा ठेवायचा, मला निरोप धाडायचा, मी येईन आणि मीच तो उचलेन. आणि तू यायचीस. आजी म्हणते, बाय आली नाय असं कदी झालं नाय. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तेव्हा ते बरोबरच होतं.

पण तू बोललेलं मागे कधी घेतलंस ग? मला ताप होता तेव्हा, "मी येईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही," असं सांगून तू ड्यूटीवर गेलीस, कुठल्या तरी बाळंतपणात अडकलीस आणि दुसऱ्या दिवशी उगवलीस. ताप केव्हाच उतरला होता, बाहेर मुलींचा खेळ रंगला होता आणि मी आपली पडून. बाबा म्हणाले, "ती सांगून गेलीय ना, मग राहा पडून." तुझ्या शब्दाला तेवढं वजन होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. परवा त्या ओट्यावर मात्र मला तुझा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. इतकी माणसं आहेत आता तुझ्या जागी, पण त्या बांबूला हात लावण्याचं काम आमच्यापैकी कुणाकडेच नाही, आणि तू ते कुणाला देऊन गेली नाहीस.

मी आजीपुढे जाऊन उकिडवी बसले. म्हटलं, "आजी, मी तिची मुलगी." तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि बराच वेळ बघितलं. "डोळं तिचंच हायेत," ती म्हणाली. मग मी सांगितलं, की आज पहाटे आई माझ्या स्वप्नात आली होती. आजीला त्यात नवल वाटलं नाही. "माज्या सपनात तं लई येतं," ती म्हणाली. "हितंच पायरीवर बसतं, पानी मागतं. बोलत काय नाय. तुज्याशी बोललं?" मी म्हटलं, हो, म्हणाली आता रस्ता झालाय, गाडी येते, माझी वाट बघायची नाही, जा आणि बांबू उचल. मग तिने जे विचारलं त्याला मी तयार नव्हते. "हिच्यापुरता, का समद्यांचा?" आत पोरीचा श्वास जोरात चालला होता. मी म्हटलं, "सगळ्यांचा." आजीने मान हलवली, उठली, बांबूचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं मला धरायला लावलं. आम्ही तो बाजूला केला तशी पोरगी नवऱ्याच्या आधाराने आपणहून उठून बाहेर आली, कुणाला तिला समजवावं लागलं नाही.

सरळगावच्या अलीकडे तिला झटका आलाच. गाडीत मी तिला कुशीवर वळवून धरलं होतं, आशाताई तिचं डोकं सांभाळत होती आणि ड्रायव्हर गाडी हाणत होता. मुरबाडच्या रुग्णालयात इंजेक्शन तयारच ठेवलं होतं, आमच्या डॉक्टरने पुढे फोन केला होता. ती वाचली. मुलगी झाली, लहानखुरी आहे, काचेच्या पेटीत आहे, पण रडते चांगली. तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी जरा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही राहिलं नसतं. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि जिच्या वेळी गाडी नुसतीच उभी राहिली, तिचा विचार करत राहिले. तिचं नाव विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण आशाताईला विचारवलं नाही.

आज आशाताईचाच फोन आला. म्हणाली, आजीने त्या बांबूचे तुकडे करून परसात दुधीच्या वेलाला मांडव घालायला दिले, आणि घरोघरी निरोप फिरवला की बायनं बोलनं मागं घेतलंय. मला हायसं वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण फोन ठेवल्यावर कळलं, की सगळ्या जगात ती एकच वाडी होती जिथे तुझं बोलणं अजून चालू होतं, जिथे तू येणार म्हणून माणसं दाराकडे बघत होती. ते मी तुला न विचारता बंद करून आले. तू असतीस तर तूही हेच केलं असतंस, असं स्वतःला सांगतेय, आणि मला ते पटतंही. तरी दिवसभर कुणीतरी नुकतंच गेल्यासारखं वाटत राहिलं. नवरा म्हणाला, बरं नाही का तुला. मी म्हटलं, दगदग झाली.

हे सगळं लिहून पाठवणार कुठे. घडी करून कपाटात टाकेन, साड्यांच्या खाली. फक्त एक सांगायचं राहिलं. गाडी निघताना आजी खिडकीशी आली होती. "बाय दिसाया कशी व्हती गो? थकली का?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, नाही आजी, तशीच आहे, पांढरी साडी, कपाळाला आठी. ते मी आपल्या हॉलमधल्या फोटोवरून सांगितलं. माझ्या स्वप्नात तू आजवर एकदाही आलेली नाहीस.