माझ्या हातातली बॅटरी

३ डिसेंबर, मंगळवार

परत पडले! बांधावरून सरळ नुकत्या उगवलेल्या वालात. गुडघा खरचटला, डबा लवंडला.

धाटावच्या कारखान्यांतल्या पहिल्या शिफ्टचे डबे आमच्या खानावळीतून जातात, म्हणून पहाटेच निघावं लागतं. हे होते तेव्हा रस्त्यापर्यंत सोडायला यायचे. जुनी बॅटरी त्यांच्या हातात. ते पुढे, मी मागे. ते गेले आणि ती बॅटरीही बंद पडली. आजवर बॅटरी कधी माझ्या हातात आलीच नाही. आता स्वतःची घ्यायची.

५ डिसेंबर, गुरुवार

ऋत्विकला फोन केला. पुण्याहून त्याचा आवाज लांबचाच येतो. "आई, एलईडी घे. थांब, मीच ऑनलाइन पाठवतो." मग — "मीटिंग आहे, ठेवतो." मागे कोणीतरी हसत होतं.

अजून बोलायचं होतं. काय, ते माहीत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

ऑनलाइन काही आलं नाही. स्वतःच गेले रोह्याच्या बाजारात.

दुकानदाराने काउंटरवर रांगच लावली! चार्जिंगची, सेलची, डोक्याला बांधायची. "मावशी, लांब मारा पाहिजे की पसरट उजेड?" मला काय ठाऊक! मला कसला उजेड पाहिजे हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. चार्जिंगची नको म्हटलं — आमच्याकडे वीज गेली की गेली. सेलवाली घेतली. छोटी, हातात बसणारी, मनगटात अडकवायला दोरी. लांब माऱ्याची.

घरी येऊन अंगणातून माडाच्या शेंड्यावर मारली. शहाळी मोजता येतील असा उजेड!

दाखवायला कोणी नव्हतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

मधेच उजेड. बाजूला काळोख. बांधाची कड दिसतच नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

बदलून आणली. दुकानदाराने कुरकुर केली नाही. आता पसरट उजेडाची.

१५ डिसेंबर, रविवार

हीपण तशीच! भोकातून बघितल्यासारखं. आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?

१७ डिसेंबर, मंगळवार

खानावळीत सरू आहे. पेणच्या खाडीकडची. बोलणं असं, जसं मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतेय. चपात्या लाटताना नको नको ते विचारते, म्हणून मी लांबच बसते.

आज कोठीत वीज गेली. तिने माझी बॅटरी घेतली नि भिंतीवर मारली.

"मैना, झ्याक हाय गो! भिंतभर उजेड!"

"भिंतभर कुठं? मधेच तर हाय."

ती गप्प. सरू गप्प! मग म्हणाली, "भिंतीकडंच बघ. माझी बोटं किती?"

"कुठली बोटं?"

तिचा हात माझ्या डोळ्याच्या बाजूलाच होता. तिने सांगितलं तेव्हा कळलं.

"बॅटरी बरोबर हाय गो," हळूच म्हणाली.

१८ डिसेंबर, बुधवार

कामावर गेले नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सरू दारात स्कूटर घेऊन उभी — न विचारता! "बस मागं."

काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर गेली ती परत येत नाही. उरलीय ती वाचवायची तर ऑपरेशन लवकर करू. "सोबत कोण येणार?"



२२ डिसेंबर, रविवार

ऋत्विकला सांगितलं. म्हणाला, "वर्षअखेर आहे गं आई. रजेचं बघतो."

"बघ," म्हटलं.

संध्याकाळी पायरीवर बसले. बॅटरी चालू, बंद. चालू, बंद. ह्यांच्या मागून चालताना मला बांधाची कड दिसायची का? की नुसती ह्यांची पाठ? किती आठवलं. नाही आठवत.

५ जानेवारी, रविवार

उद्या ऑपरेशन. ऋत्विक येत नाही. मेसेज आला — टेक केअर आई.

डोळा काही दिवस झाकलेला राहील. दुसऱ्यावरही ताण नको म्हणाले. म्हणजे लिहिणं बंद. पिशवी भरून ठेवलीय. भीती वाटते. खूप.

९ जानेवारी, गुरुवार

हे अक्षर सरूचं आहे. मी सांगते, ती लिहिते. ऑपरेशनपासून माझ्याकडेच राहिलीय. विचारते, "मागची पानं वाचू गो?"

वाच, म्हटलं.